दंतरोपणाभोवतालच्या मृदू ऊतींचे भरून येणे आणि दाताचे माप घेण्याची योग्य वेळ : एक विवेचन

गोषवारा

दंतरोपण उपचारात टिटॅनिअमचा इम्प्लांट जबड्याच्या हाडाशी एकरूप होणे जेवढे महत्त्वाचे असते, तेवढेच त्याच्या भोवतीची हिरडी नीट भरून येणेही महत्त्वाचे असते. हाडाचा विचार बहुधा पुरेसा होतो, परंतु हिरडीला लागणारा काळ मात्र घाईत कापला जातो. त्याचे परिणाम अंतिम दात बसल्यानंतर काही महिन्यांनी दिसू लागतात. प्रस्तुत लेखात इम्प्लांटभोवतीच्या मृदू ऊतींची रचना, त्यांच्या भरून येण्याचे टप्पे, हिरडी मागे सरकण्याची प्रक्रिया आणि या सर्वांचा दाताचे माप घेण्याच्या वेळेशी असणारा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : दंतरोपण, मृदू ऊती, अभिस्तर, संयोजी ऊती, जैविक रुंदी, हिरडी मागे सरकणे, माप.

प्रस्तावना

स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टिटॅनिअमची सूक्ष्म उपकरणे प्रयोगाअंती काढून घेता येईनात, कारण हाड त्या धातूला घट्ट चिकटून वाढले होते. या निरीक्षणातून आधुनिक दंतरोपणशास्त्राचा उदय झाला. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार करण्यात आला आणि १९८२ मध्ये टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यकाने त्याचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. धातू आणि जिवंत हाड यांच्या या प्रत्यक्ष जोडणीस ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणजे अस्थिसंयोग असे नाव मिळाले.

आरंभीच्या काळात या शास्त्राचे सारे लक्ष हाडावर केंद्रित होते. इम्प्लांट हिरडीखाली झाकून ठेवावा, खालच्या जबड्यात सुमारे तीन-चार महिने व वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबावे आणि मग हिरडी उघडून दात बसवावा, असा संकेत रूढ झाला. हिरडी म्हणजे हाडावरचे केवळ आच्छादन, अशीच तिच्याकडे पाहण्याची दृष्टी होती. पुढे अनुभवाने लक्षात आले, की इम्प्लांट हाडात पक्का असूनही काही रुग्णांच्या दातांच्या मुळाशी धातूची करडी रेषा दिसू लागते, दात शेजारच्या दातांपेक्षा लांब वाटतो, तेथे अन्न अडकते किंवा हिरडीतून रक्त येते. या तक्रारींचा शोध घेताना अनेकदा असे आढळते, की हिरडी स्थिर होण्यापूर्वीच तिचे माप घेतले गेले होते.

उद्दिष्टे

१. नैसर्गिक दात आणि इम्प्लांट यांच्या भोवतीच्या हिरडीतील फरक स्पष्ट करणे.
२. इम्प्लांटभोवतालची हिरडी भरून येण्याचे टप्पे समजून घेणे.
३. माप घेण्यापूर्वी किती काळ थांबावे व त्यामागील कारणे कोणती, याचे विवेचन करणे.

नैसर्गिक दात आणि इम्प्लांट : रचनेतील भेद

शरीराच्या आतील भागातून बाहेर येणारी आणि तरीही निरोगी राहणारी रचना मानवी शरीरात क्वचितच आढळते. दात ही अशी रचना आहे. तोंडात असंख्य जिवाणू असताना ते दाताच्या कडेने हाडापर्यंत पोहोचत नाहीत, याचे कारण दाताभोवती हिरडीने घातलेले कडे होय. या कड्याचे दोन थर असतात. वरचा थर अभिस्तर पेशींचा असून तो दाताच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो, तर खालचा थर संयोजी ऊतींचा असून त्यातील कोलॅजेनचे तंतू दाताच्या मुळावरील सिमेंटम नावाच्या आवरणात थेट रुतलेले असतात. गार्गिउलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मानवी दातांवर केलेल्या मोजमापात या दोन थरांची सरासरी उंची अनुक्रमे ०.९७ व १.०७ मिलिमीटर, म्हणजे एकूण २.०४ मिलिमीटर आढळली. यालाच पुढे ‘जैविक रुंदी’ असे संबोधले गेले. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेने दातांच्या संदर्भात या संज्ञेऐवजी अस्थिशिखरावरील ऊतिसंलग्नता ही अधिक नेमकी संज्ञा सुचवली असली, तरी दवाखान्यात व अध्यापनात जुनी संज्ञा अद्यापही प्रचलित आहे.

इम्प्लांटभोवतीही असेच कडे तयार होते, परंतु ते वेगळ्या प्रकारचे असते. बर्ग्लुंड, लिंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगातून दाखवून दिले, की इम्प्लांटभोवतीचा अभिस्तर सुमारे २ मिलिमीटर आणि त्याखालील संयोजी ऊतींचा थर सुमारे १ ते १.५ मिलिमीटर उंचीचा असतो. म्हणजे हे कडे दाताच्या कड्यापेक्षा उंच असते. मात्र ते तेवढे बळकट नसते. इम्प्लांटवर सिमेंटम नसल्याने कोलॅजेनचे तंतू त्यात रुतू शकत नाहीत. ते धातूला समांतर किंवा त्याच्याभोवती वर्तुळाकार धावतात. शिवाय दात व हाड यांच्यामधील अस्थिबंध येथे नसल्यामुळे त्यातून मिळणारा रक्तपुरवठाही मिळत नाही. हिरडीला केवळ हाडाच्या आवरणावरून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून राहावे लागते. संयोजी ऊतीत धातूलगत पेशी व रक्तवाहिन्या कमी आणि कोलॅजेन अधिक असल्याने तिचे स्वरूप काहीसे व्रणासारखे असते.

या रचनेचा व्यावहारिक अर्थ असा, की इम्प्लांटभोवतीचे कडे एकदा तुटले तर ते पुन्हा उभारण्यासाठी शरीराजवळ साधने कमी असतात. म्हणून ते पहिल्यांदाच नीट घडू देणे आवश्यक ठरते.

भरून येण्याचे टप्पे

दोन टप्प्यांच्या पद्धतीत हाड एकरूप झाल्यावर हिरडी उघडून इम्प्लांटवर हीलिंग अबटमेंट नावाची धातूची छोटी टोपी बसवली जाते. तिच्याभोवती हिरडी भरून येते आणि पुढे दात ज्या वाटेने बाहेर येणार ती वाट तयार होते. ही टोपी बसवल्याच्या क्षणापासून एका नव्या जखमेचा इतिहास सुरू होतो. या इतिहासाचा क्रम बर्ग्लुंड व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील अभ्यासातून पुढीलप्रमाणे उलगडतो.

प्रारंभी धातू व हिरडी यांमधील जागा रक्ताच्या गुठळीने भरते. पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि फायब्रिनचे तात्पुरते जाळे हिरडीला धातूशी धरून ठेवते. पहिल्या ते दुसऱ्या आठवड्यात अभिस्तराच्या पेशी वाढू लागून धातूच्या कडेने खाली सरकू लागतात. त्याच सुमारास नव्या रक्तवाहिन्या व तंतुजनक पेशी फायब्रिनची जागा घेतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात कोलॅजेनच्या तंतूंना शिस्त लागते. सहाव्या ते आठव्या आठवड्यात अभिस्तराचे पक्व कडे पूर्ण होते.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला तसेच्या तसे लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. त्या दृष्टीने टोमासी व सहकाऱ्यांचा २०१४ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात २१ रुग्णांच्या इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचे सूक्ष्म नमुने दोन, चार, आठ व बारा आठवड्यांनी तपासण्यात आले आणि माणसातही हे कडे आठ आठवड्यांत पूर्णत्वास जाते, असे दिसून आले. दोन्ही अभ्यासांचा सूर एकच आहे : दुसऱ्या आठवड्यात वरवर भरलेली दिसणारी हिरडी आतून अद्याप घडत असते. डोळ्यांना दिसणारे भरणे आणि पेशींच्या पातळीवरील भरणे यांत सुमारे दीड महिन्याचे अंतर असू शकते.

हिरडी मागे सरकणे

हिरडी पक्व होत असताना तिची पातळीही बदलते. शस्त्रक्रियेनंतर सूज असल्याने ती उंच भासते. सूज ओसरते, कोलॅजेन आकुंचन पावते आणि शरीर वर सांगितलेल्या उंचीचे कडे बसवण्यासाठी जागा करून घेते. हिरडी मुळातच पातळ असेल तर ही जागा हाडाची किंमत देऊन केली जाते. बर्ग्लुंड व लिंडे यांनी १९९६ मध्ये दाखवले, की हिरडीची जाडी २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी केली असता शेजारचे हाड झिजून कड्याला आवश्यक ती उंची मिळते. कडे आपली उंची सोडत नाही. हाडच मागे हटते.

या बदलाचे रुग्णांमधील मोजमाप स्मॉल व टार्नो यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. ११ रुग्णांमधील ६३ इम्प्लांटभोवती हिरडीची पातळी एक वर्षभर ठरावीक अंतराने मोजण्यात आली. मागे सरकण्याची बहुतांश क्रिया पहिल्या तीन महिन्यांतच घडली आणि ८० टक्के ठिकाणी ती गालाकडील म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या बाजूस झाली. अंतिम अबटमेंट निवडण्यापूर्वी किंवा अंतिम माप घेण्यापूर्वी तीन महिने थांबावे आणि साधारणपणे १ मिलिमीटर हिरडी मागे सरकेल असे गृहीत धरावे, असे या अभ्यासकांनी सुचवले. रुग्णांची संख्या लहान असल्याने या आकड्यांकडे नियम म्हणून न पाहता दिशादर्शक म्हणून पाहणे उचित होय. मात्र बदलाचा मोठा वाटा आरंभीच्या महिन्यांत उरकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

१ मिलिमीटर हे अंतर ऐकताना क्षुल्लक वाटते. परंतु समजा, समोरच्या दाताच्या कॅपची कडा हिरडीखाली १ मिलिमीटर लपेल अशा बेताने दुसऱ्या आठवड्यात माप घेतले आणि पुढील तीन महिन्यांत हिरडी तेवढीच मागे सरकली, तर ती कडा नेमकी हिरडीच्या रेषेवर येईल. आणखी थोडी सरकल्यास धातू उघडा पडेल. हा धोका टाळण्यासाठी कडा आधीच खूप खोल ठेवावी, तर सिमेंटने कॅप बसवताना बाहेर आलेले जादा सिमेंट हिरडीखाली राहून जाते व दाह निर्माण करते. तेव्हा स्थिर झालेल्या हिरडीचे माप हाच या पेचावरील विश्वासार्ह मार्ग ठरतो.

माप घेण्याची क्रिया आणि हिरडीची स्थिती

माप घेताना हीलिंग अबटमेंट काढून त्या जागी माप घेण्यासाठीचा खास खांब बसवला जातो. तो नीट बसला आहे की नाही, हे आवश्यक तेथे क्ष-किरण छायाचित्राने तपासतात. नंतर पॉलिइथर किंवा ॲडिशन सिलिकोन यांसारखे द्रव्य ट्रेमध्ये भरून तोंडात धरले जाते. ते घट्ट झाल्यावर इम्प्लांटची जागा, त्याची दिशा आणि भोवतालच्या हिरडीचा आकार त्यात उमटतो. प्रयोगशाळेत इम्प्लांटचे प्रतिरूप त्या मापात बसवून, हिरडीच्या जागी मऊ सिलिकोन व उर्वरित भागात प्लास्टर ओतून नमुना तयार होतो. तंत्रज्ञ तोंड पाहत नाही, नमुना पाहतो. त्यामुळे मापात उमटलेली हिरडी हीच त्याच्या दृष्टीने खरी हिरडी असते.

अपक्व हिरडी या क्रियेत तीन प्रकारे अडथळा आणते. पहिले, अबटमेंट काढताच तिच्यातून रक्त व द्रव पाझरतो आणि मापाच्या द्रव्याला नेमका पृष्ठभाग टिपता येत नाही. दुसरे, आधार निघताच हिरडी काही मिनिटांतच आत कोसळू लागते. मग खांब बसवताना ती त्याखाली चिमटली जाते, खांब पूर्ण बसत नाही आणि रुग्णाला वेदनाही होतात. तिसरे, माप अचूक आले तरी ते एका अस्थिर अवस्थेचे चित्र असते. दात तयार होऊन येईपर्यंत हिरडी बदललेली असते.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. नैसर्गिक दात अस्थिबंधामुळे दाबाखाली साधारण २५ ते १०० मायक्रॉनपर्यंत हलू शकतो, तर हाडाशी एकरूप झालेला इम्प्लांट सुमारे ३ ते ५ मायक्रॉनच हलतो. त्यामुळे मापातील चूक दात सांभाळून घेतो तशी इम्प्लांट सांभाळून घेत नाही. ती चूक स्क्रू सैल होणे, जोडात फट राहणे किंवा हाडावर ताण येणे या रूपाने बाहेर पडते.

डिजिटल स्कॅनिंगमुळे मापाचे द्रव्य व ट्रे यांची गरज पुष्कळ अंशी कमी झाली आहे. तथापि स्कॅनरसुद्धा समोर असलेल्या हिरडीचेच चित्र घेतो. हिरडी पक्व नसेल, तर अपक्व हिरडीचे अचूक चित्र एवढेच हाती येते. साधन बदलले तरी जीवशास्त्राचे वेळापत्रक बदलत नाही.

किती थांबावे ?

वरील विवेचनावरून काही मार्गदर्शक मर्यादा निश्चित करता येतात. मागील दाढांच्या जागी, जेथे हिरडीची रेषा बोलताना वा हसताना दिसत नाही, तेथे कड्याच्या पक्वतेचा विचार करून सहा ते आठ आठवड्यांची मुदत योग्य ठरते. समोरच्या दातांच्या जागी, विशेषतः हिरडी पातळ असल्यास, तीन महिने थांबणे हितावह असते. अशा ठिकाणी या काळात तात्पुरता ॲक्रिलिकचा दात बसवून त्याच्या आकाराने हिरडीला हळूहळू वळण देता येते. मग त्या तात्पुरत्या दाताचा हिरडीखालील आकार माप घेण्याच्या खांबावर उतरवून घेतात, जेणेकरून मापाच्या वेळी हिरडी कोसळणार नाही.

या नियमाला अपवादही आहेत. इम्प्लांट बसवतानाच त्यावर हीलिंग अबटमेंट जोडले असेल, तर हाड एकरूप होण्याच्या काळातच हिरडीही भरून येते. अशा रुग्णास वेगळे थांबवण्याचे कारण उरत नाही. तसेच अंतिम अबटमेंट आरंभीच बसवून ते पुन्हा न काढण्याची पद्धतही विकसित झाली आहे. तिच्यामागे अब्राहमसन व सहकाऱ्यांचा १९९७ मधील प्रयोग आहे. कुत्र्यांमध्ये अबटमेंट पाच वेळा काढून पुन्हा जोडले असता हिरडीचे कडे प्रत्येक वेळी फाटून खाली सरकले व कडेचे हाड झिजले. यातून निष्पन्न होते ते असे, की अबटमेंट अकारण काढून ‘भरले का’ हे पाहणे हीदेखील एक इजाच होय.

काळाबरोबर लक्षणांचाही विचार आवश्यक असतो. फिकट गुलाबी रंग, हलक्या स्पर्शाने रक्त न येणे, सूज नसणे आणि दोन भेटींमध्ये हिरडीची पातळी तीच राहणे ही पक्वतेची चिन्हे होत. मधुमेह नियंत्रणात नसेल किंवा तंबाखूचे सेवन चालू असेल, तर भरून येण्याची गती मंदावते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. ही बाब पाहता, परदेशी अभ्यासांतील आठवडे आपल्याकडील प्रत्येक रुग्णास जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

प्रतीक्षेचा प्रश्न

प्रत्यक्षात घाई कोठून येते, याचाही विचार व्हावयास हवा. रुग्णाने हाडासाठी आधीच अनेक महिने काढलेले असतात. हिरडीतून चकचकीत टोपी दिसू लागली की आता दात लगेच बसेल, अशी त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. घरी लग्नकार्य असते, परगावाहून येण्याचा खर्च असतो, समोरची फट लोकांना दिसत असते. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांना ‘थांबा’ एवढेच उत्तर देणे पुरेसे नाही. तात्पुरता दात देणे, भेटींची संख्या आधीच सांगणे आणि उपचाराच्या आरंभीच हाडाचा काळ व हिरडीचा काळ असे दोन्ही काळ वेगवेगळे समजावून देणे हे त्यावरील उपाय आहेत. घाईने वाचवलेले सहा आठवडे कॅप नव्याने करताना दुपटीने खर्च होतात आणि मागे गेलेली हिरडी पूर्ववत आणणे तर शस्त्रक्रियेनेही नेहमी साधत नाही. हा हिशेब रुग्णापुढे मांडला, तर प्रतीक्षा त्याला लादलेली वाटत नाही. ती उपचाराचाच एक भाग ठरते.

निष्कर्ष

१. इम्प्लांटभोवतीचे हिरडीचे कडे नैसर्गिक दाताच्या कड्यापेक्षा उंच, परंतु दुर्बल असते. ते पहिल्यांदाच नीट घडणे आवश्यक आहे.
२. हे कडे पक्व होण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. वरवर भरलेली हिरडी ही पक्व हिरडी नव्हे.
३. हिरडी मागे सरकण्याची बहुतांश क्रिया पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यामुळे दर्शनी भागात अंतिम माप त्यानंतरच घ्यावे.
४. पारंपरिक असो वा डिजिटल, माप हे हिरडीच्या त्या क्षणीच्या अवस्थेचे असते. अवस्था स्थिर नसेल तर अचूक मापही दिशाभूल करते.
५. आठवड्यांची संख्या ही मर्यादा आहे, आदेश नव्हे. हिरडीची जाडी, इम्प्लांटची जागा, रुग्णाचे आरोग्य व सवयी यांचा विचार करूनच अंतिम निर्णय घ्यावा.

दंतरोपणाचे यश हाडात सुरू होते, परंतु ते टिकते हिरडीच्या आधारावर. हाडासाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या उपचाराने हिरडीसाठी काही आठवडे राखून ठेवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.